रोजच्या बॅगेत एक रात्र: अडकलात तर थांबता यावं म्हणून

पावसाळा तोंडावर आलाय, छत्र्या माळ्यावरून खाली आल्या असतील. तर आजचा विषय आहे तुमच्या पाठीवरची बॅग. हो, तीच, जी घेऊन तुम्ही आत्ता ट्रेनमध्ये, बसमध्ये किंवा मेट्रोत हा एपिसोड ऐकताय. (आणि ऐकायचा कंटाळा असलेल्यांसाठी नेहमीप्रमाणे हा सगळा मजकूर इथे लिहून टाकलाय.)

मी आयटीवाला. बदलापूरला राहतो, ऑफिस ऐरोलीला. म्हणजे रोज जाऊन-येऊन तीन तास मी घरातही नसतो आणि ऑफिसातही नसतो. हे मधले तीन तास हाच आजचा मुद्दा आहे. घरी काही झालं तर घरात सामान आहे, शेजारी आहेत. ऑफिसात कँटीन आहे, जनरेटर आहे, सिक्युरिटी आहे. मधे मात्र तुमच्याकडे फक्त तेवढंच असतं, जेवढं पाठीवर आहे.

यूट्यूबवर ‘सर्व्हायव्हल बॅग’ शोधलंत तर काय दिसतं? घडीचा चाकू, दोरखंड, चकमकीने आग पेटवायची काडी, होकायंत्र. बघायला मजा येते, मीही बघतो. पण आपण कुठे अडकतो? कुर्ला आणि सायनच्या मधे. ट्रॅकवर पाणी, लाइट गेलेली, डब्यात दीडशे माणसं. तिथे होकायंत्र काढून उत्तर दिशा शोधून करणार काय? आग तर चुकूनही पेटवू नका.

म्हणून आज आपण आपल्या अडचणींसाठी बॅग भरणार आहोत.

अडकणं म्हणजे नक्की काय?

चार तारखा सांगतो.

२६ जुलै २००५. आपल्यापैकी बरेच जण तेव्हा शाळेत होतो, पण घरात गोष्टी ऐकल्या असतीलच. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी कुलाब्यात किती? ७५ मिलिमीटरच्याही खाली. म्हणजे दक्षिण मुंबईतल्या ऑफिसातून जो माणूस दुपारी ‘पाऊस काही फार नाहीये, निघू या’ म्हणून बाहेर पडला, त्याला पुढे काय वाढून ठेवलंय याचा अंदाजच नव्हता. लोकांनी ती रात्र ट्रेनमध्ये, बसमध्ये, अनोळखी लोकांच्या घरी काढली. कित्येक जण रुळांवरून चालत घरी गेले. बंद गाड्यांमध्ये अडकून काही जण गेले.

२९ ऑगस्ट २०१७. पुन्हा मुंबई तुंबली. एक नामांकित डॉक्टर गाडी सोडून पायी घराकडे निघाले. पाण्याखाली मॅनहोल उघडं होतं, ते दिसलं नाही. त्यात ते गेले.

२७ जुलै २०१९. महालक्ष्मी एक्स्प्रेस आमच्याच बदलापूर आणि वांगणीच्या मधे अडकली. उल्हास नदीचं पाणी गाडीच्या चहूबाजूंनी. आत हजाराहून जास्त प्रवासी, काही गरोदर बायका. रेल्वे सारखं एकच सांगत होती: खाली उतरू नका, गाडी सुरक्षित आहे. एनडीआरएफच्या बोटी आल्या, नौदल आलं आणि दुपारपर्यंत सगळे सुखरूप बाहेर निघाले.

१२ ऑक्टोबर २०२०. पाऊस नाही, पूर नाही. सकाळी दहाच्या सुमाराला मुंबई आणि आसपासची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या.

आता या चारही दिवसांकडे एकत्र बघा. जंगलात जगण्याचं कौशल्य कुठेच लागलं नाही. लागलं काय? कोरड्या, सुरक्षित जागी काही तास, फार तर एक रात्र थांबून राहणं. महालक्ष्मीतले लोक थांबले आणि वाचले.

मग आपण थांबत का नाही? आपण मूर्ख असतो म्हणून नाही. थांबणं सोपं नसतं. फोन बंद पडलेला असतो आणि घरचे काळजीत असतात. तहान लागलेली असते, पोटात काही नसतं. कपडे भिजलेले असतात, हुडहुडी भरलेली असते. कोणाची शुगरची गोळी घरी असते. कोणाला पॅड हवं असतं. अंधार वाढत जातो. मग माणूस म्हणतो, ‘जाऊ दे यार, कमरेएवढंच तर पाणी आहे, निघू या.’

म्हणून माझ्या मते बॅगेचं काम एकच. पाण्यात उतरायला भाग पाडणारं एकेक कारण काढून टाकायचं. बॅग तुम्हाला घरी पोचवणार नाही. ती तुम्हाला न निघण्याची सोय करून देईल.

एक काका आणि एक केबल

एक प्रसंग सांगतो, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल.

एका जुलैत संध्याकाळी आमची बदलापूर स्लो कळवा सोडल्यावर मुंब्र्याच्या अलीकडे उभी राहिली. पाऊस असा, की खिडकीतून पलीकडचा ट्रॅक दिसेना. अर्धा तास गेला, तास गेला. डब्यातली पोरं हळूहळू उड्या मारायला लागली. माझ्या समोर एक साठीचे काका होते. उठले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, चपला हातात घेतल्या आणि दाराकडे निघाले.

मी म्हटलं, “काका, अहो कुठे निघालात? खाली नाला आहे की गटार, काही दिसत नाहीये.”

ते म्हणाले, “बाळा, घरी बायको एकटी आहे. फोन बंद पडलाय माझा. सात वाजता पोचतो रोज. ती वेडीपिशी होईल.”

मी पॉवर बँक काढली. त्यांच्या फोनची पिन जुनी, बारीकवाली. माझ्या केबलला ते छोटं कनेक्टर लावलेलं असतं, ते बसलं. पाच मिनिटांत फोन सुरू झाला. त्यांनी फोन लावला, बोलले, “अगं, गाडीतच आहे, बसलोय, ठीक आहे. तू जेवून घे.” फोन ठेवला, चपला खाली ठेवल्या आणि परत जागेवर बसले. मग माझ्याकडची शेंगदाण्याची चिक्की आम्ही दोघांनी खाल्ली. पावणेदहाला गाडी हलली.

त्यांना घाई घराची नव्हतीच. घाई होती ती निरोपाची. निरोप गेल्यावर त्यांना तीन तास बसायला काहीच अडचण नव्हती.

पहिलं कारण: संपर्क

म्हणून सुरुवात फोनपासून. आमच्या कामात एक शब्द आहे, सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर. म्हणजे अशी एक गोष्ट, जी बंद पडली की सगळंच बंद. आपल्या पिढीची ती गोष्ट म्हणजे फोन. पैसे त्यात, तिकीट त्यात, नकाशा त्यात, आईचा नंबर त्यात, टॉर्चही त्यातच.

पॉवर बँक घ्या १०,००० एमएएचची. आता थोडं गणित, घाबरू नका. आतल्या सेलचं व्होल्टेज असतं ३.७. म्हणजे एकूण ऊर्जा ३७ वॉट-अवर. चार्ज करताना काही वाया जाते, हातात राहते साधारण ३०. आजच्या ५,००० एमएएचच्या फोनची बॅटरी असते सुमारे १९ वॉट-अवरची. म्हणजे फोन दोनदा भरेल असं वाटतं, पण प्रत्यक्षात भरतो दीड वेळा. पॉवर बँकेच्या मागे बारीक अक्षरात ‘रेटेड कपॅसिटी’ लिहिलेली असते, खरा आकडा तो. एका रात्रीसाठी दीड वेळा भरपूर झालं. २०,००० वाली घेतलीत तर वजन जवळजवळ दुप्पट, आणि मग दोन आठवड्यांत तुम्ही ती घरी ठेवायला लागाल.

केबल आखूड, वीतभर. सोबत जुन्या पिनचं छोटं कनेक्टर, कारण अडकताना तुम्ही एकटे नसता. पॉवर बँक महिन्यातून एकदा चार्ज करा. आणि हो, विमानाने जाताना ती केबिन बॅगेतच, चेक-इनमध्ये चालत नाही.

दुसरं, फोन वाचवायचा कसा. नेटवर्क कमजोर असलं की फोन सतत टॉवर शोधत बसतो आणि बॅटरी भसाभस उतरते. म्हणून अडकलात की बॅटरी सेव्हर लावा, ब्राइटनेस कमी करा आणि फोन फ्लाइट मोडवर टाका. दर तासाच्या ठोक्याला पाच मिनिटं चालू करायचा. आठ ते आठ-पाच, नऊ ते नऊ-पाच. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवलं, तर तेही त्याच वेळेला फोन करतात आणि मधल्या वेळात फोन लागला नाही म्हणून घाबरत नाहीत. कॉल लागत नसेल तर साधा एसएमएस करा. गर्दीच्या नेटवर्कमधून तो बऱ्याचदा जातो.

तिसरं, कागद. पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराचं एक कार्ड. त्यावर तुमचं नाव, रक्तगट, कसली अ‍ॅलर्जी, रोजची औषधं आणि घरच्या दोघांचे नंबर. बॉलपेनने लिहा, जेलपेनची शाई पाण्यात पसरते. झिपलॉक पिशवीत घाला. आईचा नंबर तुम्हाला पाठ आहे का? आत्ता मनात म्हणून बघा. नाही ना आला? म्हणूनच कार्ड. हीच माहिती फोनच्या इमर्जन्सी इन्फोमध्येही भरा, लॉक न उघडता दिसते.

हेल्पलाइन नंबरही त्याच कार्डावर: ११२ सगळ्या आणीबाणीसाठी, १०८ रुग्णवाहिका, १३९ रेल्वे, मुंबईत महापालिकेसाठी १९१६. तुमच्या कंपनीचं नेटवर्क नसलं तरी ११२ दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून लागू शकतो. आणि आपण कुठे आहोत हे सांगायचं कसं? ट्रेनमध्ये असाल तर बाहेर ओव्हरहेड वायरचे खांब असतात, त्यांवर किलोमीटर आणि खांबाचा नंबर लिहिलेला असतो. दारातून दिसत असेल तर तो वाचून सांगा. हायवेवर असाल तर किलोमीटरचा दगड.

चौथं, रोख पैसे. नेटवर्क गेलं की यूपीआय गेलं. पन्नास आणि शंभरच्या नोटा मिळून पाचशे-सातशे रुपये त्याच झिपलॉकमध्ये ठेवा. पाकिटात नको, पाकिटातले खर्च होतात. मोठी नोटही नको, त्या रात्री टपरीवाल्याकडे पाचशेचे सुट्टे नसतात.

दुसरं कारण: तहान, भूक, थंडी, अंधार

पाणी. पाऊण ते एक लिटरची बाटली बहुतेकांकडे असतेच, पण संध्याकाळी ती रिकामी असते. घरी जातोय, मग भरायची कशाला, असं वाटतं. एकच सवय लावा: ऑफिसातून निघताना बाटली भरून निघायचं. फुकटातली सगळ्यात मोठी तयारी ही आहे.

इथे माझ्या एका मैत्रिणीने सांगितलेली गोष्ट मला आधी सुचलीच नव्हती. ती म्हणाली, अडकल्यावर बायका पाणी पीतच नाहीत, कारण वॉशरूमची सोय नसते. म्हणजे बाटली भरलेली असूनही तहान. त्यामुळे अडकलात आणि जवळ स्टेशन, मॉल, हॉस्पिटल असं काही असेल तर थांबायची जागा निवडताना वॉशरूम हा निकष धरा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

ओआरएसचं एक पाकीट ठेवा. पाकिटावर किती पाण्यात घालायचं ते लिहिलेलं असतं, एक लिटर किंवा दोनशे मिली. तेवढ्याच पाण्यात पूर्ण पाकीट घालायचं, अंदाजपंचे नाही.

खाणं. शेंगदाण्याची किंवा राजगिऱ्याची चिक्की, फुटाणे आणि गुळाचा खडा, खजूर. दीडशे ग्रॅम पुरे. वेफर्स, फरसाण नको, मिठाने तहान वाढते. चॉकलेट मे महिन्यात बॅगेत वितळतं. दर एक तारखेला जुनं खाऊन टाकायचं, नवीन भरायचं. हा नियम पाळायला कोणालाच जड जात नाही.

कोरडं राहणं. छत्री असू दे, पण तिच्यात एक हात अडकतो. बॅगेच्या तळाशी पातळ रेनकोट ठेवा. कचऱ्याच्या दोन मोठ्या काळ्या पिशव्या घडी करून ठेवा. एकीत बॅग जाते. दुसरी ओल्या बाकावर अंथरता येते, नाहीतर खालून कापून अंगात घालता येते. आणि एक पंचा. आजोबा खांद्यावर टाकायचे तोच. टॉवेलपेक्षा हलका, पटकन वाळतो, डोकं पुसायला, अंगावर घ्यायला, जखम दाबून धरायला, उन्हात डोक्याला बांधायला. माझ्या बॅगेतली सगळ्यात जास्त वापरली जाणारी वस्तू तीच आहे. सोबत सुक्या मोज्यांचा एक जोड.

उजेड. फोनचा टॉर्च वापरू नका, फोन वाचवायचाय. पेन्सिल सेलवर चालणारा छोटा टॉर्च आणि एक शिट्टी. ओरडून घसा बसतो, शिट्टी तासभर वाजवता येते.

तिसरं कारण: औषधं

रोजची गोळी असेल, शुगरची, बीपीची, थायरॉइडची, फिट्सची, तर दोन दिवसांची बॅगेत ठेवा. सुट्टी नको, स्ट्रिप कापून ठेवा. नाव आणि एक्सपायरी दिसली पाहिजे. दम्याचा पंप असेल तर तोही. चष्मा असेल तर जुना नंबरवाला का होईना, दुसरा चष्मा. तुमच्या आईबाबांच्या पिशवीतही हे ठेवा, त्यांना जास्त गरज आहे.

बाकी चिकटपट्ट्या, गॉजचे दोन-तीन तुकडे, एक रोलर बँडेज, पॅरासिटामॉल. रक्त येत असेल तर स्वच्छ कापड जखमेवर ठेवायचं आणि घट्ट दाबून धरायचं, दर मिनिटाला उचलून बघायचं नाही. दोन सॅनिटरी पॅड. मुलग्यांनो, तुमच्याही बॅगेत. डब्यात कोणाला तरी लागतंच.

आणि एक गोष्ट बॅगेत मावणारी नाही, ती लक्षात ठेवा. पुराच्या पाण्यातून चालावंच लागलं, त्यातून पायाला जखम असेल, तर लेप्टोचा धोका असतो. जनावरांच्या, उंदरांच्या लघवीतून तो पाण्यात येतो. ताप यायची वाट बघू नका. घरी पोचल्यावर पाय साबणाने धुवा आणि एक-दोन दिवसांत डॉक्टरांना जाऊन सांगा की पाण्यातून चाललोय. प्रतिबंधाची गोळी द्यायची की नाही, कोणती, किती, ते त्यांना ठरवू द्या. मेडिकलमधून मनाने घेऊ नका.

वजनाचा हिशोब

आता म्हणाल, एवढं सगळं उचलणार कोण? पॉवर बँक आणि केबल पाव किलो. खाऊ दीडशे ग्रॅम. रेनकोट अडीचशे. पंचा, मोजे, पिशव्या मिळून दोनशे. टॉर्च, शिट्टी, औषधं, कार्ड, पैसे मिळून दीडशे. झालं एक किलो. पाण्याची बाटली तुम्ही तशीही नेताच.

माझा नियम असा आहे: एक किलोच्या वर गेलं की काहीतरी बाहेर काढायचं. कारण ही बॅग कधी लागेल ते कळत नाही, म्हणून ती एखाद्या साध्या मंगळवारीही पाठीवर असायला हवी. पाच किलोची जबरदस्त किट कपाटात असेल, तर ती कपाटाला वाचवेल.

आणखी एक, हे सगळं बॅगेत सुटं टाकू नका. एकाच पाऊचमध्ये भरा. बॅग बदलली की पाऊच उचलून दुसऱ्या बॅगेत टाकायचा. शनिवारी कॉलेजच्या मित्रांबरोबर निघालात तरी पाऊच सोबत. फक्त बाटली आणि रेनकोट बाहेर.

आणि चाकू-लायटर नकोच. मेट्रोच्या तपासणीत अडवतील आणि उपयोग शून्य.

मुंबईबाहेरच्यांनी यात आपापला बदल करावा. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे असाल तर रेनकोट काढा, पाणी वाढवा, ओआरएसची दोन पाकिटं ठेवा, पंचा डोक्याला. ताम्हिणी, वरंधा, आंबा घाट ओलांडून जाणाऱ्यांनी एक उबदार कपडा वाढवा, दरड कोसळली की रात्र घाटातच जाते. पुणेकरांनी ‘आमच्याकडे कुठे पूर’ म्हणू नये. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने काय केलं ते तुम्हाला माहीत आहे.

निघायचं की थांबायचं?

बॅग भरली. आता खरा निर्णय. मी स्वतःला तीन प्रश्न विचारतो.

एक, मी आत्ता आहे ती जागा कोरडी आणि पक्की आहे का? दोन, इथे सकाळपर्यंत राहता येईल का? तीन, घरी कळवलंय का? तिन्हीची उत्तरं हो असतील तर मी हलत नाही. मग ऑफिसच्या मीटिंग रूममध्ये बॅग उशाला घेऊन झोपायला लागलं तरी चालेल.

पहिल्याचं उत्तर नाही असेल, म्हणजे पाणी तुमच्याकडे चढत येतंय, तर उशीर न करता उंच जागी जायचं. गाडीत असाल आणि पाणी वाढत असेल तर काचा खाली होतायत तोवरच बाहेर पडा, गाडीची किंमत मनात आणू नका. जमीन दिसत नसेल अशा पाण्यात पाऊल टाकू नका. वाहतं पाणी फसवं असतं, वीतभर खोल असलं तरी जोरात असेल तर मोठ्या माणसाला पाडतं. खांब, डीपी, लोंबणाऱ्या वायरी यांच्यापासून लांब. चपला हातात घेऊन चालू नका, खाली काचा असतात. आणि लोकल मधेच थांबली तर उडी मारू नका. बाजूच्या ट्रॅकवर गाडी येऊ शकते, रुळांमधले नाले पाण्याखाली दिसत नाहीत.

आणि हे सगळं होण्याआधीचा निर्णय सकाळीच घेता येतो. हवामान खात्याचा रेड अलर्ट असेल, तर अर्थ असा की २४ तासांत २०४ मिलिमीटरच्या वर पाऊस पडू शकतो. मुंबईत असाल तर भरतीची वेळही बघा. साडेचार मीटरच्या वर भरती आणि त्याच वेळी मुसळधार पाऊस असेल, तर शहराचं पाणी समुद्रात जायला जागाच नसते. त्या दिवशी भरतीच्या दोन तास आधी घरी पोचा, नाहीतर ओहोटी लागेपर्यंत ऑफिसात थांबा. मधल्या वेळात निघणं सगळ्यात वाईट. ‘सचेत’ नावाचं सरकारी अ‍ॅप आहे, त्यावर इशारे येतात, टाकून ठेवा.

मॅनेजर मंडळींपैकी कोणी ऐकत असेल तर हात जोडून विनंती. रेड अलर्टच्या दिवशी ‘स्टँडअप संपवून निघा’ म्हणू नका. स्टँडअप उद्याही होईल.

घरच्यांशी बोलणं

शेवटचा मुद्दा, आणि बॅगेतल्या सगळ्या वस्तूंपेक्षा मला तो महत्त्वाचा वाटतो.

पाऊस सुरू झाला की आईचा फोन येतो. पहिला प्रश्न काय? “कुठपर्यंत आलास?” प्रेमाचाच प्रश्न आहे. पण त्याचं उत्तर द्यायला आपल्याला सतत पुढे सरकत राहावं लागतं. “ठाणे आलं.” “कळवा आलं.” थांबलो असं सांगितलं की आई काळजीत पडते, म्हणून आपण थांबत नाही.

आमच्याकडे आम्ही हा प्रश्न बदलून टाकला. एका रविवारी जेवताना आईबाबांना समजावून सांगितलं. आता आई विचारते, “कोरड्यात आहेस का?” मी म्हणतो, “हो, कोरड्यात आहे. खाल्लंय. पुढचा फोन नऊ वाजता.” एवढंच. आईला झोप लागते की नाही मला माहीत नाही, पण ती मला ‘निघ’ म्हणत नाही. बाबांनी तर त्यांच्या पिशवीत स्वतःचा वेगळा पाऊच केलाय, आणि त्यात माझ्यापेक्षा जास्त चिक्की आहे.

तर मंडळी, आज घरी गेल्यावर तीन कामं. बाटली भरून निघायची सवय आजपासूनच. ते कार्ड आज रात्री लिहा, दहा मिनिटं लागतात. आणि घरच्यांशी हे बोला: अडकलो तर मी थांबेन, दर तासाला कळवीन, आणि तुम्ही मला घाई करणार नाही. बाकीच्या वस्तू पगार झाल्यावर हळूहळू जमवा, बऱ्याचशा घरात आधीच आहेत.

तुमच्या पाऊचमध्ये माझ्या यादीत नसलेलं काय आहे, ते मला नक्की कळवा. चांगल्या वस्तू पुढच्या भागात सगळ्यांना सांगीन, फक्त वजनही लिहा!

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या, आणि पाऊस जास्त असेल तर थांबा.